बरोलोच्या टेकडीवर वाइन करणाऱ्यांच्या पंगतीत

इटलीच्या वायव्येला पिडमाँट, आणि पिडमाँटच्या पोटात लांगेच्या टेकड्या. ऑक्टोबर सरताना इथे गेलं की दोन हंगाम एकदम गाठता येतात. नेबियोलो द्राक्षाची तोडणी नुकती आटोपलेली असते आणि आल्बा गावात पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या सुवासिक बुरशीचा, बाजार भरात असतो. तूरिनहून आल्बापर्यंत रेल्वे आहे, पुढे ला मोर्राची चढण टॅक्सीने. गाव अगदी टेकडीच्या माथ्यावर. खाली नजर जाईल तिथवर वेलींच्या ओळी. २०१४ साली युनेस्कोने या द्राक्षबागांच्या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

आमचा बेत असा होता: एक लांब टेबल, पाच कोर्स, आणि तीन वाइनमेकर आपापल्या बाटल्या घेऊन आमच्यासोबत जेवायला. कोणी उभं राहून भाषण ठोकेल, ग्लासात नाक खुपसून फुलांची यादी वाचेल, अशी माझी धास्ती होती. पण तिघांचे हात अजून द्राक्षांच्या रसाने जांभळे होते आणि बोलणं चाललं होतं पावसाचं आणि मजुरांचं.

सुरुवात वितेल्लो तोन्नातोने झाली. वासराच्या मांसाचे पातळ गार काप, वर ट्यूना माशाचा दाट सॉस. सोबत आर्नाइस ही पांढरी वाइन. १९६०च्या दशकात हे द्राक्ष जवळजवळ नामशेष झालं होतं, मग इथल्याच काही जणांनी ते पुन्हा लावलं. जोडी ठीक होती, लक्षात राहण्यासारखी नाही.

दुसरी मात्र जमली. मांसाचं सारण भरलेले, बोटाच्या पेराएवढे आन्योलोत्ती (पास्त्याच्या पुरचुंड्या), लोण्यात घोळवलेले, आणि बार्बेरा ही लाल वाइन. या द्राक्षात आंबटपणा भरपूर आणि तुरटपणा कमी, त्यामुळे लोण्याचा तवंग प्रत्येक घोटाला जिभेवरून पुसला जायचा आणि पुढचा घास पहिल्यासारखाच लागायचा. प्लेट कधी संपली कळलंच नाही.

तिसऱ्या कोर्सला वाद पेटला. ताजारीन आलं, म्हणजे केसासारख्या बारीक शेवया. एक किलो पिठाला तीस-चाळीस अंड्यांचे बलक घालणारेही इथे आहेत, त्यामुळे रंग हळदीसारखा. त्यावर कच्च्या ट्रफलचे काप. पांढरा ट्रफल शिजवत नाहीत, उष्णतेने त्याचा वास मरतो. तिघांतल्या वयस्कर आजोबांनी इथे त्यांची जुनी बरोलो, या टेकड्यांवरची नावाजलेली लाल वाइन, उघडली. तरुण वाइनमेकरला ते पटेना. त्याच्या मते कोवळी वाइन आधी आणि जुनी शेवटी हाच शिरस्ता. जुनी आधी प्यायली तर नंतरची कोवळी राकट वाटणार. आजोबा म्हणाले, क्रम वाइनच्या वयाने नाही, ताटाच्या ताकदीने ठरवायचा.

मला आजोबांचं पटलं, आणि का ते पुढच्या कोर्सला कळलं. बरोलो फक्त नेबियोलोची करतात. रंगाने फिकट, म्हणून नवखा माणूस तिला सौम्य समजतो. कोवळ्या बरोलोचा नुसता घोट घेतला तर कडक काळ्या चहासारखी जीभ कोरडी पडते, कारण त्यातलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला तुरट पदार्थ, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं. शेवयांवर ती आली असती तर ट्रफल तिच्याखाली चिरडला गेला असता. पण समोर ब्रासातो आलं: वाइनमध्येच तासन्‌तास मंद शिजवलेलं गोमांस. आता टॅनिनला चिकटायला मांसातली प्रथिनं आणि चरबी मिळाली, तुरटपणा मागे सरला आणि फळाची चव वर आली. नुसती प्यायला नकोशी वाटणारी ती कोवळी बरोलो हीच.

नियमानुसार बरोलो निदान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात. लाकूड कोणतं, यावरून या टेकड्यांवर घरं फुटली आहेत. १९८३ मध्ये एलिओ आल्तारे या वाइनमेकरने वडिलांची जुनी मोठी पिंपं चेनसॉने कापून काढली आणि छोटी फ्रेंच पिंपं आणायचा मार्ग धरला. वडिलांनी त्याला वारसाहक्कातून काढून टाकलं. टेबलावर हा विषय निघताच आजोबा हसले, तरुण हसला नाही. त्याच्या तळघरात दोन्ही प्रकारची पिंपं आहेत म्हणे, आणि माझ्या मते आज निम्म्या गावाची तीच स्थिती असावी.

२००२चं वर्ष विचारलं तर तिघांचे चेहरे पडले. सप्टेंबरच्या गारपिटीने तोडणीला आलेल्या बागा झोडपल्या. त्या वर्षी बऱ्याच जणांनी बरोलो केलीच नाही. आजोबांनी तेव्हा उरलेली द्राक्षं साध्या वाइनमध्ये घातली. बाटलीवरच्या सालाकडे तोवर मी फक्त किमतीचा आकडा म्हणून बघत होते.

गोडाला हेझलनटचा केक आणि मोस्कातो दास्ती. ही जेमतेम पाच-साडेपाच टक्के अल्कोहोलची, हलक्या बुडबुड्यांची. एवढ्या बरोलोनंतर तीच बरी.

कुणी जाणार असेल तर: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जागा खूप आधी धरा. ट्रफलचे पैसे बहुतेक ठिकाणी ग्रॅमवर लागतात, तेव्हा वेटर किसणी घेऊन आला की कुठे थांबायचं ते आधीच सांगा. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा, कारण इथल्या शेवयांच्या सॉसमध्येही मांस निघतं. वाइन थुंकायचं भांडं मागायला लाजू नका, वाइनमेकर स्वतः वापरतात. आणि गाडी चालवून जाऊ नका. इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि पाच ग्लासांत ती सहज ओलांडली जाते. मुक्काम गावातच ठेवा.