तुम्ही विचारलंत म्हणून : वेबसाइटचं कमिशन खरंच मिळतं का?

"ताई, तुम्ही लोकांना वेबसाइट बनवणाऱ्यांकडे पाठवता, त्याचं कमिशन मिळतं म्हणे. आम्हालाही ती लिंक द्या की!" सांगलीत माझं डीटीपी आणि डिझाइनचं काम आहे, आणि हा प्रश्न मला काउंटरवर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, भिशीत तर हमखास विचारतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मिळतं. पण एखाद्या महिन्यात दुकानाचं भाडं निघतं आणि पुढच्या महिन्यात भोपळा. त्यावर घर चालवायचा विचार असेल तर इथेच थांबा.

आता हे चालतं कसं ते सांगते. वेबसाइटचं पान दिसायला कसं असावं हे मी फिग्मा नावाच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवून देते. ते चित्र झालं. त्याची चालती साइट करणं, म्हणजे कोडिंग, मला येत नाही आणि शिकायचंही नाही. पूर्वी फोटोशॉपची पीएसडी फाइल पाठवून एचटीएमएल, म्हणजे वेब पानाचा कोड, करून घ्यायचे, आता फिग्माची फाइल पाठवून वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर साइट करून घेते. हे काम करणाऱ्या कंपन्या माझ्यासारखीला एक लिंक देतात. लिंकच्या शेपटाला माझा नंबर चिकटलेला असतो. त्यावरून कुणी आलं आणि काम दिलं, की ठरलेला टक्का माझा. समजा, जीएसटी सोडून २०,००० रुपयांचं काम आहे आणि टक्का १० आहे, तर माझे झाले २,०००. तेही लगेच नाही. गिऱ्हाईक शेवटचा हप्ता भरेपर्यंत आणि पैसे परत मागायची मुदत संपेपर्यंत ती रक्कम 'पेंडिंग' म्हणून डॅशबोर्डवर, म्हणजे कंपनीच्या साइटवरच्या माझ्या खात्यात, नुसती बघायची.

लिंक टाकली आणि झोपलो, हे मिक्सर आणि मोबाइलच्या कव्हरला जमतं. मिक्सर बिघडला तर लोक कंपनीला शिव्या देतात. वेबसाइट रखडली तर तासगावचे बेदाणेवाले बंगळूरला फोन करत नाहीत, ते माझ्या दुकानात येऊन बसतात. सौद्यातला अडत्या जसा दोन्हीकडच्या ओळखीवर उभा असतो, तसंच हे आहे. समोरचा कंपनीला ओळखत नाही, मला ओळखतो.

लिंकचंही सगळं सरळ नसतं. तुम्ही क्लिक केलंत की ब्राउझरमध्ये एक कुकी, म्हणजे छोटीशी नोंद, बसते आणि तिच्यावरून कळतं की हे गिऱ्हाईक कुणाचं. तिची मुदत अॅमेझॉनवर २४ तास असते, कोडिंगच्या कामात बहुधा ३० ते ९० दिवस मिळते. ऐकायला बरं वाटतं. पण आपला माणूस लिंक उघडतो व्हॉट्सअॅपवरून मोबाइलमध्ये, विचार करतो, भावाला दाखवतो, आणि ऑर्डर देतो पुतण्याच्या लॅपटॉपवरून. कुकी मोबाइलमध्येच राहिली! आयफोनवर सफारी हा ब्राउझर अशा कुकींचं आयुष्य आणखी कापतं. शिवाय बहुतेक ठिकाणी ज्याच्या लिंकवर शेवटचं क्लिक झालं त्यालाच पैसे मिळतात. डिसेंबर २०२४ मध्ये पेपाल कंपनीच्या 'हनी' या, ब्राउझरला जोडून कूपन शोधणाऱ्या एक्स्टेन्शनवर एका यूट्यूबरने आरोप केला की पैसे भरायच्या क्षणी ते दुसऱ्याची कुकी काढून स्वतःची बसवतं. त्यावरून अमेरिकेत खटलेही झाले. मी म्हणून लिंकवर विसंबत नाही. कंपनीकडे गिऱ्हाइकाचं नाव आधी मेलवर नोंदवते, किंवा माझ्या नावाचा कोड देते. तुम्ही कुठेही नाव घालणार असाल तर ही सोय आहे का, हे पहिल्यांदा विचारा. टक्का नंतर विचारा.

आणि कुणाची लिंक घ्यायची हे कसं ठरवायचं? मी आधी माझंच एखादं छोटं काम पैसे मोजून करून घेते. इंग्रजी पान सगळेच छान करतात, म्हणून मी मराठी पान देते. एकदा हळदीच्या व्यापाऱ्याचं एक पान नमुन्याला दिलं होतं. मोठ्या मथळ्यात 'सर्वोत्तम' शब्दाचा रफार वरून छाटलेला, 'गुणवत्ता'चा उकार खालून अर्धा गायब. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने धरलेली. त्याच्याखाली कुणीतरी अक्षरांत अंतर वाढवलेलं, इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं. मराठीत शिरोरेघ तुटून प्रत्येक अक्षर सुटं लोंबत होतं. मी फोन केला तर तिकडचा मुलगा म्हणतो, "मॅडम, डिझाइनमध्ये तर असंच आहे ना?" तसं नव्हतं. ती लिंक मी घेतली नाही. आता जिथे पाठवते तिथल्या मुलीने न सांगता पानाची भाषा हिंदी नव्हे, मराठी अशी नोंदवली होती. काही फॉन्टांत तेवढ्याने 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात. एवढं बघणारी असेल तर पुढचं ती बघेल, असं मी धरून चालते.

दुसरी परीक्षा कागदावरची. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर घेणार? गिऱ्हाइकाच्या, हेच उत्तर हवं. "आमच्याकडेच असू द्या, तुम्हाला कटकट नको," म्हणणाऱ्याकडे मी कुणाला पाठवत नाही, त्याने २५ टक्के देऊ केले तरी.

पाठवण्याआधी अर्धं काम माझंच असतं. मजकूर लोक श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टांत टाइप करून आणतात, तो साइटवर चढवला की नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल असा, करायचा, मग जोडाक्षरं तपासायची. कोणती पानं, कोणते फोटो, फोन नंबर कुठे, हे लिहून द्यायचं. हे नीट गेलं तर काम वेळेत होतं आणि कमिशन सुटतं. नाही गेलं तर तीन महिने 'पेंडिंग'.

कमिशन मिळतं हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. ऑनलाइन शिफारस करणाऱ्यांनी असा संबंध उघड करावा, असं जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, २०२१ मध्ये नियमावलीतच घातलंय. २०२२ पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचीही तशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पण सांगलीत ते सांगितल्यावर काय होतं ऐका. समोरचा शांतपणे म्हणतो, "मग तेवढं कमी करा की." मी करत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या करारात कमिशन वाटून द्यायला मनाईच असते, आणि त्या पैशात मी त्याचा मजकूर सुधारलेला असतो.

कराचं कुणी विचारत नाही, तरी सांगते. एका कंपनीकडून वर्षात २०,००० च्या वर कमिशन गेलं की ती टीडीएस कापते. ऑक्टोबर २०२४ पासून तो ५ ऐवजी २ टक्के झालाय. पॅन दिला नाहीत तर २० टक्के. छोट्या धंद्याला अंदाजे नफ्यावर कर भरायची जी सोय आहे ती कमिशनच्या कमाईला चालत नाही, त्यामुळे हिशेब वेगळा ठेवावा लागतो. माझे सीए दरवर्षी या एका ओळीसाठी कपाळाला आठ्या घालतात.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग त्या कंपनीचं नाव सांगा." इथे सांगणार नाही. तुम्हाला कसली साइट हवी, मजकूर तयार आहे का, हे काहीच मला माहीत नाही. दुकानात या, मजकूर घेऊन या, आणि शक्यतो श्री-लिपीत आणू नका.