तुम्ही विचारलंत म्हणून: किटवर मलेरिया आला, मग स्लाइड कशाला?

पावसाळा लागला की आमच्या नाशिकच्या लॅबमध्ये काउंटरवर हा प्रश्न ठरलेला. "मॅडम, किटवर आलंच ना, मग परत स्लाइडचे वेगळे पैसे कशाला?" तिथे रांग असते म्हणून नीट उत्तर देता येत नाही, आज देते.

किट म्हणजे रक्ताच्या थेंबावरची झटपट तपासणी, स्लाइड म्हणजे रक्त काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं. किटच्या पट्टीला जंतू दिसत नाही, तिला फक्त जंतूचं प्रोटीन कळतं. मलेरियाच्या जंतूच्या जाती वेगवेगळ्या: फाल्सिपेरम, व्हायवॅक्स, ओव्हेल, मलेरी (मलेरियाचीच एक जात) आणि नोलेसी. एक रेष फाल्सिपेरमची. दुसरी किटप्रमाणे बदलते, काहींवर फक्त व्हायवॅक्सची, काहींवर पॅन म्हणजे कुठलाही मलेरिया. आता मलेरी किंवा ओव्हेल असेल तर व्हायवॅक्सच्या रेषेत तो धरलेलाच नाही, आणि पॅनची रेष उमटली तरी नाव सांगत नाही, त्यातून मलेरीमध्ये रक्तात जंतूच इतके कमी असतात की बऱ्याचदा रेष येतच नाही आणि पेशंट निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन घरी. शिवाय फाल्सिपेरमची ती रेष औषध पूर्ण झाल्यावरही कित्येक आठवडे येऊ शकते, म्हणजे जंतू मेला तरी किट पॉझिटिव्हच.

स्लाइडवर मात्र तांबडी पेशीच बोलते. व्हायवॅक्समध्ये ती फुगते, आत बारीक गुलाबी ठिपके. ओव्हेलमध्येही ठिपके असतात, पण पेशी लांबुळकी होते आणि कडेला फाटल्यासारखी दिसते. मलेरीत पेशी फुगत नाही, उलट थोडी लहानच, आणि जंतू कधीकधी पेशीच्या आरपार आडवा पट्टा होऊन बसतो. वाचायला सोपं वाटतं पण रंग नीट चढला तर. जिम्सा म्हणजे स्लाइडला चढवायचा रंग, त्यासाठी बफर (रंग मिसळायचं ठरावीक पीएचचं पाणी) 7.2 पीएचचा लागतो, कमी झाला की ते ठिपके उमटतच नाहीत आणि मग ओव्हेल काय नि मलेरी काय, सगळं अंदाजपंचे. म्हणून नळाच्या पाण्यात स्टेन करणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये रक्त तासन्तास पडून राहिलं तरी जंतूचा आकार बिघडतो, त्यामुळे लांबून पाठवणाऱ्यांना मी सांगते, स्लाइड तिथेच ओढा, ट्यूब नंतर येऊ दे.

मग नावाने फरक काय पडतो? पडतो ना. व्हायवॅक्स आणि ओव्हेल लिव्हरमध्ये लपून बसतात आणि काही महिन्यांनी परत उठतात, त्यासाठी प्रायमाक्विन या लिव्हरमधल्या जंतूंवरच्या औषधाचा कोर्स लागतो, आणि तो द्यायच्या आधी जी6पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) बघायचं असतं. मलेरी लिव्हरमध्ये झोपत नाही पण रक्तातच वर्षानुवर्षं राहू शकतो, लहान मुलांच्या किडनीलाही त्रास देतो. ताप दर 72 तासांनी. आपले वैद्य याला चतुर्थक म्हणायचे, पण खरं सांगू का, पहिल्या आठवड्यात ताप असा घड्याळ लावून कोणालाच येत नाही.

सगळ्यात फसवा नोलेसी. मूळ माकडांचा, आग्नेय आशियातला, सुरुवातीला फाल्सिपेरमसारखा दिसतो आणि नंतर थेट मलेरीसारखा. मलेशियात बोर्निओच्या कपित भागात मलेरी म्हणून पेशंट नोंदवले जात होते, पीसीआर (जंतूचा डीएनए ओळखणारी तपासणी) केल्यावर मलेरियाच्या 208 पेशंटपैकी 120 जणांत नोलेसी निघाला, 2004 साली हे छापून आलं. मलेरी हळू वाढतो, नोलेसी 24 तासांत एक फेरी पूर्ण करतो आणि जिवावर बेतू शकतो, म्हणजे मायक्रोस्कोपखाली जुळे पण वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक. तिथे स्लाइडही पुरत नाही, पीसीआरच लागतं.

म्हणून मी फॉर्म भरताना खोदून विचारते. सुरगाणा, पेठकडचा पेशंट असेल तर डोक्यात आधी व्हायवॅक्स-फाल्सिपेरमच येतात. पण अंबडच्या कंपनीतून कोणी ओव्हेल सापडतो त्या नायजेरियाला साइटवर जाऊन आलेला असेल, किंवा थायलंड-मलेशियाची टूर करून जंगलात फिरून आलेला, तर माझी बघायची पद्धतच बदलते. लोक सांगत नाहीत, "ते तर सहा महिन्यांपूर्वी" म्हणतात. ओव्हेलला सहा महिने काहीच नाहीत.

आणि हो, गोळ्या सुरू करण्याआधी रक्त द्या. मेडिकलवाल्याने दिलेला डोस पोटात गेला की मला दिसतात ते मोडकेतोडके जंतू, त्यावरून नाव कोणालाच सांगता येत नाही, पैसे कितीही द्या.