रक्ताची वाट

त्या जखमेतून कधी रक्त यायचं नाही. ड्रेसिंग सोडलं, ओल्या गॉझने तळ पुसला, कडेचा मेलेला पांढुरका थर चिमट्याने सोडवला, तरी एक थेंब नाही. डाव्या कानासमोर अंगठ्याच्या नखाएवढी जागा, तळ करडा आणि कोरडा. प्लास्टिक सर्जन म्हणून माझा अर्धा जन्म रक्त थांबवण्यात गेला. या जखमेपुढे मात्र मी चौदा महिने रक्ताची वाट पाहत बसले होते.

काकू साठीच्या. अकरा वर्षांपूर्वी कानाजवळच्या लाळग्रंथीचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. काकू त्याला 'शेक' म्हणतात. त्या शेकांनी त्यांचा जीव वाचवला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण रेडिएशनचा परिणाम शेवटच्या शेकाबरोबर संपत नाही. बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर जाड होत जातं, पोकळी अरुंद होते, प्राणवायू कमी पोचतो, नवं मांस घडवणाऱ्या पेशी विरळ होतात. हे वर्षानुवर्षं आतल्या आत चालू असतं. काकूंचा गाल चामड्यासारखा झाला होता, चिमटीत धरायला गेलं तर बोटं नुसती घसरायची. तिथे चष्म्याची काडी घासली, साधं खरचटलं, आणि ते भरलंच नाही. तेव्हापासून डावी काडी काढून, तिथे दोरा बांधून त्या चष्मा वापरत होत्या.

मी आधी मांडीची त्वचा लावली. पाचव्या दिवशी ती काळी पडली. मग शेजारचीच त्वचा ओढून टाके घातले, तर कडक कातडीत टाकेच कापत गेले. दोन्ही निर्णय माझे. जमीन मेलेली असताना मी दोनदा पेरणी केली होती, हे मला उशिरा कळलं.

पुस्तकातलं उत्तर होतं फ्लॅप. मांडीचं मांस त्याच्या धमनी-शिरेसकट आणून मानेतल्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडायचं. पण काकूंचं हृदय कमकुवत. भूलतज्ज्ञ सरांनी इकोचा रिपोर्ट पाहिला आणि स्पष्ट सांगितलं, "आठ तासांच्या भुलेला मी हो म्हणणार नाही."

तेव्हा चरबीचा विचार आला. खड्डे भरायला मी ती पुष्कळदा वापरली होती, न भरणाऱ्या जखमेसाठी मात्र कधीच नाही.

"पोटाची चरबी गालात? ती तिथे जगेल कशी?" काकूंनी नेमका मुद्द्यालाच हात घातला. मी म्हटलं, सगळी जगणार नाही. हा विचार जुना आहे, हेही सांगितलं. 1893 मध्ये गुस्ताव्ह न्यूबर या जर्मन सर्जनने दंडाची चरबी काढून डोळ्याखालच्या खोल व्रणात बसवली होती, आणि तुकडे लहान असले तरच टिकतात हे तेव्हाच नोंदवून ठेवलं होतं. कारण सोपं आहे. नव्या जागी चरबीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले काही दिवस तिला आजूबाजूच्या ओलाव्यावर काढावे लागतात. थेंब मोठा असला की बाहेरची कड तगते, गाभा मरतो.

पण काकूंच्या बाबतीत मला चरबीच्या पेशींपेक्षा त्यांच्याबरोबर येणाऱ्या दुसऱ्या पेशींची आशा होती. लायपोसक्शनमध्ये, म्हणजे नळीने शोषून काढलेल्या चरबीत, मूळपेशी (स्टेम सेल्स) असतात, हे 2001 मध्ये संशोधक पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. या पेशी चिवट असतात. प्राणवायू कमी पडला तरी तग धरतात आणि नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणारी रसायनं सोडतात. 2007 मध्ये इटलीतल्या जिनो रिगोटी यांनी स्तनाच्या कॅन्सरनंतर रेडिएशनने खराब झालेल्या छातीत अशीच चरबी भरून चांगला गुण आल्याचं मांडलं होतं. मूळपेशींच्या नावाने जे चमत्कार विकले जातात त्यांचा मला मनापासून राग आहे, म्हणून काकूंना कुठलंच वचन दिलं नाही. "भरेलच असं नाही, आणि एकदा करून भागेल असंही नाही," एवढंच सांगितलं.

आधी कडेचे चार आणि तळाचा एक तुकडा बायोप्सीला पाठवला, एमआरआय केला, कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलले. रेडिएशनच्या जागी जुनी जखम भरत नसेल तर तिथे कॅन्सरच दडलेला असू शकतो. ही खात्री न करता चरबी भरणं मला अक्षम्य वाटतं. रिपोर्ट स्वच्छ आले.

ऑपरेशन जागेपणीच केलं, थोडी गुंगी देऊन. बेंबीखाली सलाइन, बधिर करणारं लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रेनॅलिनचं मिश्रण टोचलं आणि पंधरा मिनिटं थांबलो. मग बोथट टोकाची बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, दहा मिलीची सिरिंज, दट्ट्या जेमतेम दोन मिली मागे ओढलेला. जोरात खेचलं तर पेशी फुटतात. सिडनी कोलमन या प्लास्टिक सर्जनच्या पद्धतीने, चरबी भरलेली सिरिंज सेंट्रिफ्यूज यंत्रात मिनिटाला 3000 फेऱ्यांवर तीन मिनिटं फिरवली. सिरिंजमध्ये तीन थर दिसले: वर फुटलेल्या पेशींचं तेल, मधे फिकट पिवळी चरबी, खाली लालसर पाणी. पाणी सोडून दिलं, तेल गॉझच्या वातीने टिपलं. 34 मिलीतली 15 मिली हाती उरली.

गालात पहिल्यांदा कॅन्युला शिरेचना. बुटाच्या तळव्यात दाभण घालावा तसा जोर लावावा लागला, आणि आतली करकर कानांपेक्षा बोटांना जास्त जाणवत होती. चेहऱ्यात घाई करून चालत नाही. इथल्या धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात, चरबी दाबाने आत गेली तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून टोक बोथट, आणि दट्ट्या दाबायचा तो कॅन्युला मागे घेतानाच, एका खेपेत मिलीचा दहावा भागही नाही. जखमेच्या चारी बाजूंनी आणि तळाखालून अशा शंभरावर खेपा झाल्या. 11 मिलीनंतर त्वचा पांढरी पडू लागली, तिथे हात थांबवला.

पहिला आठवडा सूज. दुसरा आठवडा, तिसरा आठवडा, जखम तशीच. मी काकूंच्या नजरेला नजर देईनाशी झाले होते.

चोविसाव्या दिवशी ड्रेसिंगरूममधून सिस्टरची हाक आली. "मॅडम, जरा इकडे या." खालच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका होता. मी गॉझने टिपला. तो पुन्हा भरून आला.

आमची शांतता पाहून काकू घाबरल्या. "काय झालं? बिघडलं का?"

"नाही काकू. रक्त आलंय." एवढं बोलतानाही माझा आवाज कापला. सिस्टर तशीच हातात चिमटा धरून उभी होती. चौदा महिने ही जखम तिनेच धुतली होती.

पुढच्या ड्रेसिंगला तळावर लाल, दाणेदार मांस दिसलं. तीन महिन्यांनी दुसऱ्यांदा चरबी भरली, तेव्हा कॅन्युला सहज सरकली. ही तीच जागा आहे ना, म्हणून मी क्षणभर थांबून पाहिलं. त्यानंतर कडा आपोआप आत सरकत आल्या, वर त्वचा लावावी लागलीच नाही. सहाव्या महिन्यात जखम मिटली.

त्या दिवशी काकूंनी आरशात पाहिलं, दोन बोटांनी गाल चिमटीत धरला. धरता आला. सोडला, पुन्हा धरला. मग पिशवीतून चष्मा काढला. डावी काडी त्यांनी आदल्या दिवशीच बसवून आणली होती. त्या ती कानावर टेकवणार तोच मी चष्मा हातातून घेतला आणि सिस्टरकडे मऊ रबरी नळीचा एक तुकडा मागितला.