तारखा जुळत नाहीत

बुधवार, रात्र.

अमेरिकी यादवी युद्धात मारल्या गेलेल्या जॉन मेग्जच्या थडग्याचा फोटो आज परत समोर आला. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन लष्करी दफनभूमीतला तो लहानसा ब्राँझचा पुतळा: पोरगा उताणा पडलेला, पिस्तूल हाताजवळ, आणि भोवतीच्या चिखलात घोड्यांच्या टापांचे ठसे. बापानेच, उत्तरेच्या सैन्याचा रसदप्रमुख माँटगोमेरी मेग्जने, तसा करवून घेतला. वीरांचे पुतळे पुष्कळ असतात, पण ठसे कोण ओतून घेतं?

दिवस नासला त्या ठशांपायी.

मुलगा मारला गेला म्हणून बापाने दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याच्या अंगणात, म्हणजे आर्लिंग्टनमध्येच, प्रेतं पुरली, एवढं धरलं की माणूस कळतो. दुःखाने वेड्या झालेल्या बापाला कोण काय बोलणार! पण तारखा ऐकत नाहीत. इस्टेट लीच्या बायकोची. कर ९२ डॉलर ७ सेंट. मालकिणीने स्वतः येऊन भरावा हा सरकारचा हट्ट. ती संधिवाताने जखडलेली, तिने नातलगाला पाठवलं तर पैसे घेतले नाहीत. जानेवारी १८६४ ला लिलाव, बोली सरकारचीच, २६,८०० डॉलर. मे महिन्यात पहिलं दफन, १५ जूनला मेग्जच्या शिफारशीवरून दफनभूमीचा हुकूम. घरात मुक्कामाला असलेल्या अधिकाऱ्यांना दारात कबरी नको होत्या, म्हणून सुरुवातीची प्रेतं लांबच्या कोपऱ्यात गेली. मेग्जने त्याच उन्हाळ्यात गुलाबाच्या बागेच्या कडेने कबरी घ्यायला लावल्या. घर पुन्हा राहण्याजोगं उरू नये म्हणून.

आणि जॉन गेला ३ ऑक्टोबरला.

म्हणजे राग आधीचाच. १८३७ मध्ये सेंट लुईसला मिसिसिपीच्या कामावर हाच मेग्ज लीच्या हाताखाली होता. जन्म जॉर्जियातला. भाऊ दक्षिणेकडे... ते आज नको.

जॉन २२ वर्षांचा, वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीच्या १८६३ च्या तुकडीत पहिला. व्हर्जिनियातल्या डेटनजवळचा रस्ता, पाऊस, तिन्हीसांजेची वेळ. समोरच्या तिघा दक्षिणी घोडेस्वारांच्या अंगावर रेनकोट, गणवेश ओळखू येईना. हा खूनच, अशी बापाची खात्री. त्या तिघांपैकीही एकाला गोळी लागली होती, हे त्याच्या गळी कोण उतरवणार? तिथल्या उत्तरेच्या फौजेचा सेनापती शेरिडन, त्याने आसपासची घरं पेटवायला सांगितली. जॉनच्या आईबद्दल, लुईझाबद्दल, लिहायचं होतं. राहू दे.

इतकं वाचून मला मिळालं काय? एका बापाची कीव करायची सोय होती, तीही गेली. न वाचणारे सुखी.

बरं, रागसुद्धा रसद खात्याच्या शिस्तीतला! १८६६ मध्ये बुल रनच्या रणांगणापासून रॅपहॅनॉक नदीच्या वाटेपर्यंत वेचलेले २,१११ अनोळखी सैनिकांचे अवशेष बागेलगत एकाच तळघरात ठेवले. पुढे १८८२ मध्ये लीचा मुलगा सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी जमिनीचा दावा जिंकला खरा, पण हजारो कबरी उकरून जमीन मोकळी कोण करून देणार? १८८३ मध्ये दीड लाख डॉलर घेऊन त्याने विषय मिटवला. मेग्जचा हिशेब चोख निघाला. चिडलेला माणूस एवढी पुढची बेरीज करून ठेवतो, याचं आता हसूच येतं.

एका बाबतीत तो हरला. कबरींवरच्या लाकडी फळ्या, नग १.२३ डॉलर, पाचेक वर्षांत कुजायच्या. त्याला जस्त चढवलेलं बीड हवं होतं: स्वस्त, टिकाऊ. १८७३ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, दगडी फलक मंजूर केले.