मामा पुसट का आला?

काकूंचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच मुलीच्या लग्नाच्या अल्बमच्या डिझाइनला बसलो होतो. निवडक साडेसहाशे फोटो आदल्या रात्री पाठवले होते, त्यामुळे कौतुकाचाच फोन असेल असं वाटलं. त्यांनी एकच विचारलं, "दादा, माझ्या भावाला पुसट का केलंत?"

मी तो फोटो उघडला. मुहूर्ताचा क्षण. अंतरपाट नुकताच बाजूला झालाय, मुंडावळ्यांआडून मुलीचे डोळे भरून आलेत आणि अक्षतेचा एक दाणा पापणीवर अडकलाय. त्या लग्नातला माझा सगळ्यात आवडता फोटो. तिच्या खांद्यामागे फेट्याचा गुलाबी डाग दिसत होता. तो डाग म्हणजे मामा.

85 मिमीची लेन्स, तिचं तोंड (ॲपर्चर) 1.8 वर, म्हणजे बरंच उघडं. तीनेक मीटरवरून क्लिक केलं तर वीतभर खोलीसुद्धा फोकसमध्ये राहत नाही, मागचं सगळं विरघळून जातं. आम्हाला तेच हवं असतं. काकूंना मात्र त्या क्षणात मुलीइतकाच तिचा मामा हवा होता. मुलीला बोहल्यावर मामाच घेऊन येतो आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. त्यांचा हा एकुलता एक भाऊ सैन्यात, मोजक्या दिवसांची रजा काढून सांगलीला आला होता. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

बुकिंगचा व्हॉट्सॲप मेसेज काढून बघितला. "कँडिड + सिनेमॅटिक, 1 दिवस, 40 शीट अल्बम." खाली त्यांचा अंगठा. बोट दाखवायला तेवढं पुरलं असतं. पण कँडिड म्हणजे पोझ न देता नकळत टिपलेले क्षण, सिनेमॅटिक म्हणजे सिनेमासारखा व्हिडिओ, यातला एकही शब्द मी त्यांना उलगडून सांगितला नव्हता. कँडिड म्हणजे नुसते जास्त भारी फोटो, आणि स्टेजवरचे नेहमीचे फोटो तर असणारच, असं त्या धरून चालल्या होत्या. त्यात त्यांचं काय चुकलं?

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेलो. आधी सगळं ऐकून घेतलं. मग लेन्स, फोकस, मामा का पुसट आला, ते साध्या शब्दांत सांगितलं आणि "हे मी आधीच विचारायला हवं होतं, चूक माझी" असं म्हणालो. पुसट आलेला चेहरा एडिटिंगमध्ये स्पष्ट करून देतो, असं खोटं आश्वासन दिलं नाही. व्हिडिओवाल्या मुलाचा कॅमेरा मात्र वाइडवर, म्हणजे मागचंपुढचं सगळं दिसेल असा, होता. 4के व्हिडिओची एक फ्रेम साधारण 8 मेगापिक्सेलची असते, 8 बाय 12 इंचांचा प्रिंट त्यातून नीट निघतो. एकेक फ्रेम पुढे सरकवत आम्ही दोघं बसलो. उडणाऱ्या अक्षतांच्या रेघा आल्या होत्या, पण मामा स्पष्ट होता. भाचीच्या मागे ताठ उभा, हनुवटी आवळून धरलेली. काकूंनी स्क्रीनला हात लावला. "हाच. लहानपणापासून रडू दाबताना असाच करतो."

तेव्हापासून ॲडव्हान्स घ्यायच्या आधी मी घरच्यांसोबत तासभर बसतो. एकाच लग्नातले दोन फोटो समोर ठेवतो, एक कँडिड, एक स्टेजवरचा, आणि विचारतो, यातलं तुम्हाला काय हवंय? बहुतेकांना दोन्ही हवं असतं. मग त्याला किती माणसं लागतील, किती पैसे होतील, ते तिथेच बोलून होतं. 40 शीट म्हणजे 80 पानं, हे अल्बम उलगडून दाखवतो. दिवस म्हणजे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, गृहप्रवेश त्यात धरलाय का, रॉ फाइल (कॅमेऱ्यातल्या मूळ, एडिट न केलेल्या) मिळणार नाहीत, हेही सांगतो. पैशाचं बोलताना पूर्वी मी चाचरायचो. आता तेच सगळ्यात आधी बोलतो, कारण कुजबूज तिथूनच सुरू होते. घरी आल्यावर ठरलेलं सगळं मराठीत लिहून पाठवतो आणि अंगठ्यावर न थांबता फोन करून वाचून दाखवतो.

शेवटी एक कोरा कागद मुलीच्या आईसमोर ठेवतो. कोण कोण फोटोत हवंच, ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायचं. गेल्या आठवड्यातल्या कागदावर तिसरी ओळ होती: "मोठी आत्या. चालता येत नाही, खाली पहिल्या रांगेत खुर्चीवर असेल. स्टेजवर बोलावू नका, तुम्हीच नवरा-नवरीला तिच्याकडे घेऊन जा."