पूर्ण बाह्यांचा ड्रेस

जळगावचा मे महिना, आणि भाची पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून. (तिला विचारूनच लिहितेय.) परवा कळण्याची भाकरी थापताना बाही वर सरकली आणि हातावरचे व्रण दिसले. आई "काय व्हयनं वं माय?" एवढंच म्हणाली आणि तिचा पिठाचा हात धरून बसून राहिली.

आज तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. मॅडमनी सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का?"

"नाही. आत इतकं दाटून येतं, ते जरा कमी व्हावं म्हणून."

मरण्याचा हेतू नसताना स्वतःला इजा करणं हा वेगळा प्रकार आहे. मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या २०१३च्या डीएसएम-५ या पुस्तकातही, अजून अभ्यास हवा अशा स्थितींमध्ये, त्याची वेगळी नोंद आहे. पण हेतू नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही, अशांना पुढे आत्महत्येचा धोका जास्त असतो. म्हणून तो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही.

आधी एका ठिकाणी तिला "नाटकं बंद कर" ऐकावं लागलं होतं. अजून संताप होतो माझा. एवढ्या उन्हात घामानं भिजून हात झाकणारी पोर नाटक दाखवणार कोणाला?

कोणाला गरज असेल तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत आहे, मराठीतही बोलतात.

पुढची भेट सोमवारी. मी रजा टाकलीये.