बॉम्ब नाही आबा, बंब

दिवाळीनंतर गावी गेलो होतो, जिंतूरकडं. थंडी अशी की खिशातून हात काढू वाटत नाही. आबा नेहमीसारखे बंबापाशी, तुराट्या मोडून आत सारत बसलेले. मी मोबाईलवर अणुऊर्जेच्या रॉकेटचा एक व्हिडिओ बघत होतो, तो त्यांच्या कानावर पडला आणि म्हणले, "काय रे, आता अणुबंब फोडून मंगळावर जाणार का हे लोक?"

आमच्याकडं जुनी माणसं बॉम्बला पण बंबच म्हणतात त्यामुळं आधी हसू आलं, पण मग वाटलं, आबा चुकून का होईना बरोबर बोलले राव. हे इंजिन म्हणजे बंबच आहे.

(तसा खरंच बॉम्ब फोडत जायचा पण एक प्लॅन होता बरं का. ओरायन नावाचा, अमेरिकेत १९५८ ला सुरू झालेला, यानाच्या मागं एकामागं एक अणुबॉम्ब फोडायचे आणि त्या दणक्यानं पुढं सरकायचं. फ्रीमन डायसनसारखा डोकेबाज शास्त्रज्ञ त्यात होता. १९६३ च्या करारानं अवकाशात अणुस्फोट करायला बंदी आली आणि ते बारगळलं. बरंच झालं.)

बंबात मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी. इथं त्याच्या उलटं, अणुभट्टीच्या गाभ्यात बारीक बारीक नळ्या असतात, त्यातून हायड्रोजन सोडायचा, तो दोन हजार अंशांच्या वर तापतो आणि मागच्या नॉझलमधून सुसाट बाहेर पडतो. जळत काहीच नाही, नुसतं तापतं. हायड्रोजनच काहून, तर हलका म्हणून. साध्या रॉकेटात हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळला की वाफ निघते, तिचा रेणू १८ वजनाचा आणि हायड्रोजनचा फक्त २, आणि जेवढं हलकं तेवढं जोरात पळणार. जाळून सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो, या बंबातून आठच्या वर. मंगळासारख्या लांबच्या पल्ल्याला हा फरक लई मोठा आहे.

आणि हे काही आजचं खूळ नाही. काम अमेरिकेत १९५५ ला सुरू झालं, नेवाडाच्या वाळवंटात भट्ट्या पेटवून बघितल्या. १९६८ ला फीबस नावाच्या एका भट्टीनं जवळजवळ १२ मिनिटं ४००० मेगावॅट उष्णता दिली. आपल्या परळीचा एक संच २५० मेगावॅट वीज देतो (वीज आणि उष्णता एक नाही, माहितीय, पण अंदाज येतो). १९६९ ला तर एक इंजिन २८ वेळा चालू-बंद करून दाखवलं. एवढं करून १९७३ ला पैसा बंद, उड्डाण एकही नाही. मधी ड्राको नावाच्या प्रकल्पाचा परत घाट घातला, तो पण २०२५ ला गुंडाळला.

हे सगळं आबांना माझ्या परीनं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आन् विझवायचा कसा? जाळ काढला तरी विस्तू राहतोच की."

मी गपच झालो, कारण खरी गोम तीच आहे. भट्टी बंद केली तरी आतले किरणोत्सारी तुकडे उष्णता देतच राहतात, म्हणून नंतर पण बराच वेळ हायड्रोजन सोडत राहावा लागतो. त्या हायड्रोजननं ढकल फार मिळत नाही, तो नुसता गाभा वाचवायला खर्ची पडतो. आणि भट्टी चालू असतानाच हायड्रोजन संपला तर काय होतं ते १९६५ च्या जूनमध्ये दिसलं. फीबसच्याच आधीच्या भट्टीची चाचणी दहा मिनिटं झकास चालली, टाकीचा काटा दाखवत होता की हायड्रोजन भरपूर आहे, पण काटाच बिघडलेला आणि टाकी रिकामी. काही सेकंदांत गाभा तापून फुटला, किरणोत्सारी तुकडे बाहेर पडले आणि ते साफ करत बसावं लागलं.

म्हणजे बंब कोरडा पडला.

आबा म्हणले, "काट्यावर कोण विसंबतंय. वरून तांब्याभर ओतायचं, तोटीतून आलं की समजायचं भरलाय." आणि बादली माझ्याकडं सरकवली.